प्रभूचा पाव चाखत नाहीत

४ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं, शालही मिळाली. आईंना दिली. त्यांनी ती अंगावर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. म्हणजे आवडली असावी.

कशी आहेस म्हणून विचारता. आहे. सकाळी उठून दुकान उघडते, संध्याकाळी बंद करते. भट्टी लंबू सांभाळतो. इतकी वर्षं तुमच्या भावाच्या हाताखाली काढली त्याने, त्यामुळे दुकानाचे पाव होते तसेच होतात. गिऱ्हाइकंही होती तशीच भांडतात. भट्टीपुढच्या स्टुलावर बसल्या बसल्या तुमचा भाऊ गेला, ते स्टूल तेवढं मी माळ्यावर टाकलंय. लंबू उभ्यानेच काम करतो. मी त्याला बस म्हणत नाही, तो मागत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची आहे, दुसऱ्या कोणाला सांगितली तर हसतील. प्रभुभोजनाचा पाव बिघडतोय.

आपल्या घरचा हा नेम तुम्हाला मी काय सांगायचा! महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात मोडून वाटतात तो एक पाव, दुकानाच्या पिठातला नाही, यंत्रात मळलेला नाही. आदल्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत पीठ चाळून त्यात मीठ मिसळायचं ते घरच्या पुरुषाने. दुपारी खमीर घालून मळायचं आणि भाजायचं ते घरच्या बाईने. आणि चाखायचा नाही. पहिला घास देवाच्या घरी. आता पुरुष नाही, तर चाळणी आणि मीठही माझ्याकडेच आलं. पीठ चाळते, मीठ घालते, परातीवर फडकं टाकते आणि दुकानात जाते. दुपारी येऊन मळते. सगळं तसंच. पण फेब्रुवारीत पाव बसका झाला आणि परवा मार्चमध्येही. फुगतच नाही मेला. भाजून निघतो तो वरवंट्यासारखा.

न्यायला देवळातले घड्याळजी येतात. त्यांनी पाव फडक्यात घेतला, वजन जाणवलं असणार, पण ब्र काढला नाही. मी उपासनेला जात नाही. आमच्या बाकावर दोघांची जागा आहे, तिथे एकटीने बसायचं कसं ते मला कळत नाही.

आईसुद्धा जात नाहीत. पाय चालत नाहीत म्हणतात. पुरण्याच्या दिवशी सगळ्यांसमोर त्या काय बोलल्या ते तुमच्या कानावर आलंच असेल. मी रडत नव्हते, तर म्हणाल्या, "हिला काय, हिचा नवरा गेलाय. माझं पोर गेलंय." तेव्हापासून मीठ-पाण्यापुरतं बोलतो.

तुमची वहिनी

---

१५ मार्च

प्रिय वहिनी,

आधी हे सांग, खमीर कधीचं आहे? मला खात्री आहे, तो लंबू जुनंच खमीर वापरतोय. दादा असताना दर आठवड्याला बरणी घासून पुसून ठेवायचा, आता कोण बघतंय? पाव बसला की आधी बरणीचा वास घ्यायचा. मग देवाकडे बघायचं.

मी तुला ओळखते गं. तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या मनात काय चाललंय ते मला इथे बसून दिसतंय. तुला वाटतंय, देव तुझ्या हातचं घेत नाही. अगं वेडे! त्याला काय उद्योग नाहीत? एवढं जग पडलंय आणि तो तुझ्या परातीवर रुसून बसेल?

आईचं बोलणं मला इथे कळलं तेव्हा मी पंचे शिवत होते, सुई बोटात घुसली. वाईटच बोलली ती. तिची बाजू घेत नाही. पण तिला आयुष्यात कधी दुःख नीट बोलता आलं नाही. बाबा गेले तेव्हा ती शेजारणीशी कोंबडीवरून भांडली होती. मी सात वर्षांची होते, मला तेव्हा वाटलं बाबांपेक्षा कोंबडीच मोठी!

दादा मीठ घालायचा ते आठवतं. चमचा-वाटी काही नाही, मूठ भरायची, थोडी झटकायची, आणि पिठावर हात फिरवत पुटपुटायचा. मी विचारलं होतं एकदा, काय म्हणतोस. म्हणाला, "देवाला सांगतोय, जमलं तर खा." हेच त्याचं प्रार्थना करणं.

मी दर रविवारी उपासनेला जाते आणि तुझ्यासाठी, आईसाठी प्रार्थना करते. तूही जा. बाकावर एकटीने बसायचं, त्यात कळायचं काय? बसायचं.

उंटावरून शेळ्या हाकतेय म्हणशील. हाकते.

तुझी नणंद

---

८ एप्रिल

वन्सं,

खमीर नवं आणलं. बरणी उकळत्या पाण्याने धुतली. पाणी कोमट घेतलं, पीठ दुसऱ्या पोत्यातलं घेतलं, मळून नेहमीपेक्षा जास्त वेळ झाकून ठेवलं. पुन्हा बसका.

त्याच खमिराचे, त्याच पोत्यातले, त्याच भट्टीतले दुकानाचे पाव लंबूने शेजारी काढून ठेवले, टम्म फुगलेले, गालफडं भरल्यासारखे. आता सांगा, कोणाला दोष देऊ? नाचता येईना अंगण वाकडं म्हणायलाही जागा उरली नाही. अंगण सरळच आहे. फक्त त्याच्यासाठी केलेला पाव तेवढा माझ्या हातात मरतो.

तुम्ही म्हणता, देवाला उद्योग नाहीत का. वन्सं, मी प्रार्थनेला बसते ना, तेव्हा तोंडातून एक शब्द निघत नाही. पूर्वी तुमचे दादा झोपण्याआधी मोठ्याने करायचे, मी आमेन म्हणायची. माझा वाटा तेवढाच होता. आता आमेन कशाला म्हणू? माझं आणि त्याचं बोलणं बंद आहे हे खरं. पण माझा पाव तरी घ्यायचा होता त्याने. माझ्याकडे द्यायला दुसरं काही उरलेलं नाही. तेवढंही नको असेल तर मग मी इथे कशासाठी उठते-बसते, तुम्हीच सांगा.

आईंचं तसंच चाललंय. दिवसभर वरच्या खोलीत असतात. पाव करायच्या दिवशी मात्र मी दुकानात गेले की जिना उतरून मागच्या खोलीत येतात, काहीतरी खुडबुड करतात आणि वर जातात. पाय चालत नाहीत ना! फडकं नीट टाकलंय की नाही ते बघायला येत असतील. माझ्यावर विश्वास नाही, एवढंच.

मी ठरवलंय. लंबूला दुकान भाड्याने हवंय, जूनपासून देते. मे महिन्याचा पाव शेवटचा. पुढे देवळातल्या पाळकसाहेबांनी बाजारातून आणावा, तो फुगलेला तरी असेल. तुमच्या शिवणकामाच्या कारखान्यात काही काम असेल तर बघा. मला सरळ टाके येतात.

वहिनी

---

१९ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा चिडले, दुसऱ्यांदा रडले, तिसऱ्यांदा मुकादमबाईंकडे गेले.

काम आहे. काजं करायच्या यंत्रावर. शिकायला आठवडा पुरे. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, फक्त कपाटाचं दार अर्धंच उघडेल, तर अर्ध्या दारातून कपडे काढू. जूनच्या पहिल्या आठवड्यात ये. एक ट्रंक आण, जास्त नको.

आईला विचारलंस का? माझ्याकडे तर ती यायची नाही, ते घर सोडायची नाही. पाळकसाहेबांच्या ओळखीने वृद्धाश्रमात जागा मिळते म्हणतात, मी त्यांना लिहिते. हे लिहिताना माझा हात जड होतोय. पण तू तरी किती दिवस अशी भिंतीशी संसार करणार? तुझं वय काय, पन्नाशीही नाही. तिथे राहिलीस तर तूही भिंतीकडे तोंड करून झोपशील आणि मग मला दोन शाली पाठवाव्या लागतील.

निघण्याआधी एकदा तिच्याशी बोल मात्र. भांड पाहिजे तर. पण बोल.

परवाच्या रविवारी आमच्याकडे प्रवचन फार छान झालं. कशावर होतं ते आत्ता आठवत नाही.

खाट सांगून ठेवली आहे.

तुझी नणंद

---

५ मे

वन्सं,

हे पत्र बसून वाचा. उभ्याने वाचलंत तर पडाल.

काल शेवटचा पाव. परवा नेहमीसारखा केला, नेहमीसारखा बसला. काल सकाळी घड्याळजींची वाट बघतेय, तर निरोप आला, पाय मुरगळलाय, येत नाहीत. लंबू सुट्टीवर. आता पाव नेणार कोण? मी. साडी बदलली, पाव फडक्यात बांधला आणि निघाले. म्हटलं, टेबलावर ठेवायचा, पाळकसाहेबांना सांगायचं की पुढच्या महिन्यापासून तुमचं तुम्ही बघा, आणि परत फिरायचं. पण मी पोचले तोवर गायन सुरू झालं होतं. पाव पुढे ठेवून मागे वळले तर मागचं दार लावलेलं. शेवटच्या बाकावर बसले. आमच्या बाकाकडे बघितलंच नाही.

पाळकसाहेबांनी पाव मोडला. मोडताना जोर लावावा लागला त्यांना, मी शरमेने मान खाली घातली. ताट फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. नको म्हणणार होते, पण शेजारच्या बाईने ताट माझ्या हातात दिलं आणि ती वाट बघत राहिली. घेतला तुकडा. तोंडात घातला.

वन्सं, मीठ! नुसतं मीठ! समुद्राचं पाणी प्यावं तसं. माझा विश्वासच बसेना. मी मान वर करून बघितलं, आता लोक थुंकणार, तोंडं वाकडी करणार. कोणाचं तोंड वाकडं नाही. सगळे डोळे मिटून सावकाश चावताहेत. पुढच्या बाकावरच्या एका चिमुरडीने चेहरा कसानुसा केला, तर तिच्या आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पोरीने गिळला तो घास. कोणी इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. ते सवयीने खात होते. त्यांना ठाऊक होतं तो कसा लागणार ते.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. पाव किती महिने असा लागतोय म्हणून विचारलं. आधी ते इकडचं तिकडचं बोलले. मी सोडेना तेव्हा म्हणाले, "फेब्रुवारीत वाटलं, चूक झाली असेल. मार्चमध्ये तसाच आला. तुम्ही तर येत नाही, रडत नाही, कोणाला दारात उभं करत नाही. मग आम्हाला वाटलं, तुमचं दुःख ह्याच वाटेने येतंय. आम्ही ठरवलं बिरवलं काही नाही, बाई. ज्याने त्याने खाल्लं. तुमच्या हातून तेवढंच घेता येत होतं आम्हाला."

आणि उरलेला पाव टाकायचा नसतो, तर पाळकसाहेब आणि त्यांची बायको दर महिन्याला दोन दिवस तो चहात बुडवून खात होते. घड्याळजींना डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. त्यांनीही खाल्ला.

मी तिथेच रडायला लागले. जानेवारीपासून न रडलेलं सगळं. खांबाला धरून, लहान पोरासारखी, मोठ्याने. कोणी गप्प राहा म्हणालं नाही. बायका येऊन नुसत्या आजूबाजूला उभ्या राहिल्या.

मग पाळकसाहेबांनी आईंसाठी एक तुकडा माझ्या रुमालात बांधून दिला. घरी आले. वाटेत डोक्यात एकच, एवढं मीठ आलं कुठून? मी तर मूठभरच घालते, तुमच्या भावासारखं, थोडं झटकून. जिना चढले आणि दारातूनच विचारलं, "आई, पिठात मीठ तुम्ही घालता?"

त्या उठून बसल्या. म्हणाल्या, "मग कोण घालणार? त्याचं काम होतं ते. तो नाही, तर कोणीतरी घालायला नको? तुला एवढ्यात कुठलं सुचतंय. म्हटलं, पोरीवर आणखी भार नको. तू दुकानात गेलीस की गपचूप घालून येते."

"मीही घालते," मी म्हटलं.

मग मी रुमाल सोडला आणि तो तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी डोकं झाकून घेतलं, तोंडात घातला, आणि वन्सं, तुमच्या आईने काय करावं? "अगं बाई! शी! हे खाल्लं लोकांनी?" म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. दात नाहीत, तोंड उघडं, शाल खांद्यावरून पडली. हसता हसता कधी रडायला लागल्या ते कळलं नाही. मी त्यांना धरलं. हाडं नुसती राहिली आहेत हो त्यांची. मला माहीतच नव्हतं. एका घरात राहून मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

मीठ जास्त झालं की खमीर उठत नाही, हे भट्टीवाल्याच्या बायकोला कोणी सांगायला नको. पण मला खमीर दिसलं, पाणी दिसलं, देव दिसला. त्याच्यावर आळ घालायला मी किती लगेच तयार होते! तो माझा पाव टाकत नव्हता. चार महिने खात होता, इतक्या सगळ्या तोंडांनी, तोंड वाकडं न करता.

काल झोपण्याआधी आईंच्या खाटेशी बसले. प्रार्थना काही आली नाही. मग तुमच्या भावाचंच म्हटलं, "जमलं तर खा." आई म्हणाल्या, "आमेन." माझा वाटा त्यांनी उचलला.

तुमचे दादा नाहीत, वन्सं. हे काही बदललेलं नाही. आज सकाळी दोन कप चहा केला, आणि दुसरा कप बघून हात थांबला. पण तो ओतून नाही दिला. वर नेला.

खाटेचं काय करायचं ते सांगा. मी येत नाही.

वहिनी

---

१६ मे

वहिनी,

बसूनच वाचलं. बरं झालं. शेजारच्या यंत्रावरच्या बाईने विचारलं, कोण गेलं? म्हटलं, गेलं नाही, आलं.

तुला एक सांगते, रागावू नकोस. दादा गेल्यापासून मी एकदाही उपासनेला गेले नव्हते. दर रविवारी जाते, प्रार्थना करते, प्रवचन छान झालं, सगळ्या थापा. मला वाटलं, मी भक्कम आहे असं लिहिलं की तू भक्कम होशील. पुरायला आले नाही त्याचंही तेच. सुट्टी मिळत होती गं. त्याला खाली ठेवताना बघायचं धाडस नव्हतं, म्हणून मिळत नाही म्हणून कळवलं. माझा एकच भाऊ.

परवा तुझं पत्र पदराखाली धरून गेले. मागच्या बाकावर बसले. आमच्याकडचा पाव बाजारातला असतो, पांढरा, हलका, कापसासारखा. तोंडात विरघळला तरी कळलं नाही. मला तुमच्या खारट पावाची इतकी आठवण आली की बोलायची सोय नाही. पण खाल्ला. आणि शेवटी सगळे आमेन म्हणाले तेव्हा मीही म्हणाले.

खाट परत केली. कपाटाचं दार आता पूर्ण उघडतं आणि मला ते मुळीच आवडत नाही. पुढच्या महिन्यात चार दिवस येते. खरी सुट्टी मागितली आहे ह्या वेळी.

दादाच्या थडग्यावर मला तू ने. एकटी जाणार नाही.

तुझी

---

२ जून

वन्सं,

या. माळ्यावरचं स्टूल खाली काढून ठेवलंय. लंबू अजून त्यावर बसत नाही, तुम्ही बसा. दुकान भाड्याने देत नाही म्हटल्यावर त्याने दुसऱ्याच दिवशी भट्टीला पांढरा रंग काढला. मनातून खूष असावा, तोंडाने म्हणाला, "मग पगार वाढवा."

परवा पीठ चाळून मी आईंना हाक मारली. त्या जिना उतरून आल्या, मूठ भरली, थोडी झटकली, पिठावर हात फिरवला. मी नुसती परात धरून उभी होते. पुटपुटल्या काहीतरी, मी विचारलं नाही. मग पायरीवर बसून मला दम दिला, "तू घातलंस तर बघ!"

पाव फुगला, वन्सं. मी भट्टीचं दार उघडलं आणि तो असा वर आलेला, सोनेरी. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण आधी मी वळून स्टुलाकडे बघितलं. असा पाव दाखवायला धावत जावं असं माणूस एकच होतं.

काल घड्याळजी लंगडत न्यायला आले. मी म्हटलं, थांबा, आम्ही दोघी येतोय. त्यांना विचारलं, डॉक्टरांनी बंद केलेलं असताना कशाला खात होतात? म्हणाले, "तुमच्या नवऱ्याच्या पावाचं मीठ आयुष्यभर खाल्लं, चार महिने थोडं जास्त खाल्लं." आणि पाळकसाहेबांना मी मिठाची सगळी हकिकत सांगितली तेव्हा ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. म्हणाले, मंडळीला नको सांगायला. पण उपासना झाल्यावर दारात दोघी-तिघी मला हळूच म्हणाल्या, "ह्या वेळी पाव जरा अळणी वाटला."

आमच्या बाकावर आई बसल्या, त्यांच्या शेजारी मी. जागा दोघांचीच आहे, पुरली.

देवळाच्या पायऱ्या तुम्हाला माहीत आहेत, उंच आहेत. चढताना कोणी नवीन बाई होत्या, आईंना ओळखत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आजी, मी धरू का? पडाल." आईंनी माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाल्या, "नको. माझं पोर आहे माझ्याबरोबर."

गाडीची वेळ कळवा. घ्यायला आम्ही दोघी येऊ.

वहिनी